चार रात्री कौसानीत

नागपूरचा माणूस पहाडात जातो तो मे महिन्यात. पारा ४५ च्या पुढं सरकला, कूलरमधून गरम हवा यायला लागली, शाळांना सुट्ट्या लागल्या की बॅगा भरायच्या आणि निघायचं. सहा वर्षांपूर्वी आम्हीही तसेच निघालो होतो. एका टूर कंपनीसोबत पाच रात्री, चार गावं. सोबत आई आणि मोठी मावशी. दोघींना बर्फाचे डोंगर पाहायचे होते, बाकी कशात जीव नव्हता. उत्तराखंडात, कुमाऊंच्या पहाडातल्या कौसानीला एकच रात्र मुक्काम होता. पहाटे हॉटेलच्या गच्चीवर खुर्च्या टाकून बसलो, आणि समोर नुसता राखाडी पडदा. उन्हाळ्यात कुमाऊंच्या चीडच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलांत वणवे लागतात, त्यात खालच्या मैदानातून चढलेली धूळ. गाइडनं हात लांब करून सांगितलं, "त्रिशूल उधर है." नऊला बस सुटली. बसमध्ये मावशी म्हणाली, "जाऊ दे वं, फोटोत पाहून घेऊ."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. आई आता ६८ वर्षांची आहे, मावशी ७१ ची. दोघींचे गुडघे कुरकुरतात. तेव्हा यंदा ठरवलं की महिना बदलायचा आणि गाव मात्र तेच ठेवायचं. पावसानं हवा धुऊन निघते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमशिखरं सगळ्यात स्वच्छ दिसतात. दिवाळी आटोपली की जायचं, एकाच ठिकाणी राहायचं, चार रात्री राहायचं.

कौसानीच का, हे माझ्या नणंदेनं विचारलं. एवढ्या लांब जाताच आहात तर नैनिताल करा, मुक्तेश्वर करा, जागेश्वर करा. तिचंही खोटं नाही, सगळी ठिकाणं सुंदर आहेत. पण घाटातला तासाभराचा प्रवास म्हणजे आईला नागपूर-वर्ध्याच्या चार फेऱ्यांएवढा. शिवाय कौसानीचं आमच्या घराशी एक नातं आहे. आई-मावशी वर्ध्याच्या. शाळेत असताना सेवाग्रामला सहल जायची, बापू कुटीसमोरच्या अंगणात प्रार्थनेला बसायचं. तिथं त्यांना कुणीतरी सरलाबेनची गोष्ट सांगितली होती. सरलाबेन म्हणजे लंडनची कॅथरीन हाइलमन. १९३२ साली ती भारतात आली, पुढं सेवाग्रामला नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या, कामात रमली. पण वर्ध्याचा उन्हाळा आणि मलेरिया यांनी ती खचली, तेव्हा गांधीजींनी तिला कुमाऊंच्या पहाडात धाडलं. तिनं कौसानीला मुलींची शाळा काढली, लक्ष्मी आश्रम, १९४६ साली. मावशी लहानपणी म्हणे घरी हटून बसली होती, "मलेबी गर्मी होते, मलेबी तिथंच पाठवा." मागच्या खेपेला टूरच्या यादीत आश्रम नव्हताच.

तयारीला मी सप्टेंबरातच लागले. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. ही गोष्ट लक्षात ठेवून मी कॅलेंडरवर तारखेला गोल केला आणि सकाळी आठला मोबाइल घेऊन बसले. ४५ च्या वरच्या बायकांना खालची बर्थ देण्याची सोय आहे, ती दोघींना मिळाली. ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० पासून बंदच आहे, आणि ते मनाला लागतं. आयुष्यभर काटकसर केलेल्या बायकांना तिकिटाचा आकडा सांगताना जीभ अडखळते.

मुक्काम शोधायला चार फोन केले. प्रत्येकाला तीनच प्रश्न: पायऱ्या किती चढाव्या लागतील, संडास कमोडचा आहे का, आणि खोलीसमोरून उत्तर दिशा दिसते का. दोन ठिकाणी फोटो सुरेख होते, पण खोल्या रस्त्याच्या खाली पन्नास-साठ पायऱ्यांवर. शेवटी एका कुटुंबाच्या घरी, त्यांच्याच अंगणाला लागून असलेल्या दोन खोल्या मिळाल्या. डॉक्टरांनी दोघींचं बीपी तपासलं, गोळ्या दुप्पट न्यायला सांगितल्या, निम्म्या बॅगेत आणि निम्म्या पर्समध्ये. कौसानी साधारण १८९० मीटरवर. आपलं चिखलदरा अकराशेच्या आसपास. म्हणजे विरळ हवेचं भय नाही, पण थंडी मात्र खरी. नागपुरात थंडीत तिबेटी लोक स्वेटरचा बाजार लावतात, तिथून दोघींना लोकरीचे मोजे आणि कानटोप्या घेतल्या.

पहिला दिवस, शुक्रवार

अर्धी रजा टाकून दुपारची तेलंगणा एक्सप्रेस पकडली. नवरा आणि मुलगा स्टेशनवर सोडायला आले. मुलाची परीक्षा तोंडावर होती, म्हणून ते दोघं घरीच. सोबत पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, ठेचा, चिवडा, आणि एका पिशवीत तीन डझन संत्री. अंबिया बहाराची संत्री नुकतीच बाजारात आली होती, हिरवट-पिवळी, देठाला पान असलेली. मी म्हटलं एवढं ओझं कशाला. मावशी म्हणाली, "कोणाच्या घरी चाललो ना आपण? रिकाम्या हातानं जातात काय?"

दुसरा दिवस, शनिवार

नवी दिल्लीला उतरताच घसा खवखवायला लागला. नोव्हेंबरातली दिल्ली म्हणजे धूरच. दिवसभर बाहेर हिंडायचा विचार मी सोडून दिला. स्टेशनवरची विश्रामगृहाची खोली आधीच घेतली होती, तिथं दोघी आंघोळ करून निवांत झोपल्या. रात्री जुन्या दिल्लीहून रानीखेत एक्सप्रेस.

तिसरा दिवस, रविवार

काठगोदामला रूळ संपतात. पहाटे पाचला फलाटावर पाय ठेवला, तो समोर काळा डोंगर उभा. ठरवलेला टॅक्सीवाला आलेला होता, विशीतला पोरगा. आईला गाडी लागते, म्हणून तिला पुढच्या सीटवर बसवलं, रिकाम्यापोटी नको म्हणून चार बिस्किटं दिली, हातात आल्याचा तुकडा. गोळी अर्धा तास आधीच दिली होती. ज्यांच्या घरात कुणाला गाडी लागते त्यांनी ती निघण्यापूर्वी द्यावी. पोटात ढवळायला लागल्यावर तिचा काही उपयोग होत नाही.

भवालीनंतर कैंची धामपाशी रविवारची गर्दी, गाड्यांची लांब रांग. ती सुटली आणि रस्ता कोसी नदीच्या काठाला लागला. खैरन्याजवळ न्याहारी केली: जिरं-मिरचीत परतलेले बटाटे, त्याला इथं गुटके म्हणतात, आणि काकडीचं मोहरी घातलेलं रायतं. मोहरी नाकात अशी झिणझिणली की मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिनं वाटी पुन्हा पुढं केली.

मग क्वारब. अल्मोड्याच्या अलीकडं इथला डोंगर सारखा घसरत असतो. त्या दिवशी पुन्हा दगड आले होते. पोलिसांनी गाड्या थांबवल्या. एक तास, दोन तास, चार तास. वर डोंगराची सोललेली लाल-पिवळी बाजू, तिच्यावरून अधूनमधून गोटे घरंगळत येत, आणि खाली पिवळं यंत्र मलबा ढकलतंय. मला फार भीती वाटली, ती मी दोघींना दाखवली नाही. मनात येत होतं की यांना इथं आणून मी चूक तर केली नाही ना. आईनं पिशवीतून संत्री काढली. मागच्या जीपमधल्या बायकांना दिली, पोलिसाला दिलं, ड्रायव्हरला सोलूनच दिलं. तो म्हणाला, "ईजा, इतना मीठा?" ईजा म्हणजे कुमाऊंनीत आई. दिवसभर मग तो तिला ईजाच म्हणत राहिला.

सोमेश्वरला पोहोचेस्तोवर उन्हं कलली. तिथं दरी अचानक रुंद होते, कापलेली भातशेती, झाडांच्या फांद्यांवर रचून ठेवलेले गवताचे उंच भारे, आणि डोक्यावर गवत घेऊन घरी निघालेल्या बाया. कौसानीत शिरलो तेव्हा पूर्ण अंधार. उत्तरेला काय आहे ते दिसायची सोय नव्हती.

चौथा दिवस, सोमवार

पाचला उठलो. अंगणात खुर्च्या, गुडघ्यांवर रजई, कानटोप्या. उजाडलं आणि उत्तरेला ढग. खालून वरपर्यंत गच्च ढग. आठपर्यंत बसलो. कुणीच काही बोललं नाही. मग मावशी उठून आत गेली आणि माझा जीव कासावीस झाला. घरच्या दीदी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, कल देखना. त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की मला धीर आला.

दुपारी अनासक्ती आश्रमात गेलो. १९२९ च्या जूनमध्ये कुमाऊंचा दौरा करून थकलेले गांधीजी दोन दिवस विश्रांतीला म्हणून इथं आले आणि जवळजवळ दोन आठवडे राहिले. गीतेच्या त्यांच्या गुजराती अनुवादाची, अनासक्तियोगाची, प्रस्तावना त्यांनी इथंच लिहिली, तिच्याखाली २४ जून १९२९ ही तारीख आहे. ते पुस्तक छापून बाहेर आलं १२ मार्च १९३० ला, दांडीयात्रा निघाली त्याच दिवशी. म्हणजे मिठासाठी पायी निघण्याआधीचं त्यांचं चिंतन या व्हरांड्यातलं. आई भिंतीवरचा प्रत्येक फोटो थांबून पाहत होती. सेवाग्रामचा एक सापडला तेव्हा तिनं मावशीला हाक मारली, आणि दोघी त्याच्यापुढं कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही बसलो. प्रार्थना संपल्यावरही दोघी बाहेर कट्ट्यावर बसून राहिल्या आणि स्थितप्रज्ञाची लक्षणं म्हणू लागल्या, एकीला ओळ आठवेना की दुसरी पुढं नेई. शाळेतलं पाठांतर, साठ वर्षांपूर्वीचं. मी ते फोनवर टिपून घेतलं आहे.

पाचवा दिवस, मंगळवार

चार वाजता लघवीला उठलेली मावशी परत झोपलीच नाही. खिडकीचा पडदा बाजूला करून उभी होती. तिनं मला हलवलं. "अवं, ऊठ. थे ढग होय का पहाड होय, पाह्य बरं."

चांदण्यात काही तरी पांढरट होतं. मी ज्या उंचीवर पाहत होते तिथं काहीच नव्हतं, मान आणखी वर करावी लागली. डोंगर मी समजले होते त्याच्या दुप्पट वर होता. अंगणात आलो. पूर्वेकडं राखाडी उजेड फुटला तसा तो निळा झाला, सपाट, कागदातून कापल्यासारखा. साडेसहाच्या जरा आधी त्रिशूलच्या सर्वांत उंच टोकावर एक ठिपका पेटला. गुलाबी म्हणता येणार नाही, आतून तापलेल्या निखाऱ्याचा रंग. तो ठिपका खाली ओघळत आला, दुसऱ्या टोकाला लागला, मग तिसऱ्या. त्यानंतर एकेक शिखर: डावीकडं नंदाघुंटी, उजवीकडं, जरा मागं राहून, नंदादेवी, पुढं नंदाकोट, आणि पार टोकाला पंचाचूलीचे दात. रंग नारिंगी झाला, पिवळा झाला, आणि सात वाजता सगळं लख्ख पांढरं. त्रिशूल ७१२० मीटर, नंदादेवी ७८१६. त्रिशूल इथून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर लांब आहे, तरी त्याच्या अंगावरच्या घळी मोजता येत होत्या.

आईनं हात जोडले होते. मावशीनं नव्हते जोडले, ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसली होती, वर्गात पहिल्या बाकावर बसावं तशी. बऱ्याच वेळानं म्हणाली, "किती मोठं आहे वं हे. कोणी सांगितलंच नाही." मी काही बोलले नाही. मला रडू येत होतं.

एकच रात्र ठेवली असती तर याही खेपेला ढगच पाहून परतलो असतो. म्हणून माझा आग्रह आहे की हिमशिखरांसाठी जायचं तर एका ठिकाणी निदान तीन पहाटा हातात ठेवाव्यात. गावं कमी करावी, पहाटा वाढवाव्या.

नाश्त्यानंतर लक्ष्मी आश्रम. रस्त्यापासून वर चीडच्या बनातून पायवाट चढते. वाळक्या पानांच्या सुया, पिरूल म्हणतात त्यांना, त्यावरून पाय सटकतो, म्हणून दोघींच्या हातात काठ्या दिल्या. हाच पिरूल उन्हाळ्यात पेट घेतो. दर वीस पावलांवर थांबत आम्ही पाऊण तासात पोहोचलो. मुली शेतात होत्या, काही लोकर विणत होत्या. पुस्तकासोबत शेत, गोठा, हातकाम, ही सेवाग्रामची रीत इथं अजून टिकून आहे. चिपको आंदोलनात उतरलेल्या विमला बहुगुणा इथल्याच विद्यार्थिनी. राधा भट्टही इथल्याच, त्यांनी पुढं हा आश्रम चालवला. मावशीनं एका मुलीला विचारलं, घरची आठवण येते का. ती म्हणाली, सुरुवातीला येत होती. मग तिनं आम्हाला विचारलं, वर्धा कसं आहे? मावशी क्षणभर थबकली आणि म्हणाली, "बहुत गरम है बेटा." आश्रमात विकायला ठेवलेला एक राखाडी मफलर तिनं घेतला, आणि परतेपर्यंत गळ्यातून काढला नाही.

सहावा दिवस, बुधवार

पहाटे पुन्हा तोच सोहळा, आता दोघी शिखरांना नावानं ओळखत होत्या. सकाळी सतरा किलोमीटरवर बैजनाथला जाऊन आलो. गोमती नदीच्या काठी कत्यूरी राजांच्या काळातली दगडी देवळं, गाभाऱ्यात काळ्या पाषाणातली पार्वतीची उभी मूर्ती, आणि घाटाशी माणसांना न घाबरणारे मोठाले मासे.

दुपारी कुठंही जायचं नाही असं मी आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि सहलीतली ती दुपार मला सर्वांत गोड वाटते. दीदींनी अंगणात उन्हात चटई टाकली आणि 'सना नींबू' करायला घेतलं. पहाडी लिंबू आपल्या मोसंबीहून मोठं असतं, जाड सालीचं. त्याच्या फोडींवरचा पातळ पापुद्रासुद्धा काढायचा. मुळ्याच्या काड्या, दही, गूळ, आणि भांगेच्या भाजलेल्या बिया मीठ-मिरची-कोथिंबिरीसोबत पाट्यावर वाटून. भांग म्हटल्यावर आई सावरून बसली. दीदी हसल्या, बियांना नशा नसते, थंडीत अंगाला ऊब देतात. मग मावशीला सुचलं. तिनं पिशवीतली उरलेली संत्री काढली आणि सोलून त्यात घातली. दीदींनी चाखून पाहिलं, मान हलवली आणि शेजारच्या दोघींना हाक मारली. एका थाळीतून सहा बायका खात होत्या. अंगणातल्या माल्ट्याच्या, म्हणजे संत्र्यासारख्या पहाडी फळाच्या, झाडाला फळं लगडली होती, पण अजून आंबट. पिकायला डिसेंबर उजाडेल म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणात मडव्याची भाकरी आणि गहतची डाळ. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, "ही तं नाचणी होय, अन् हे कुळीथ." दोघींनी मग दीदींच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहिले, कुठल्या धान्याला इकडं काय म्हणतात ते. भट्ट म्हणजे काळं सोयाबीन. ते बी मावशीनं पुडी बांधून मागून घेतलं.

सातवा दिवस, गुरुवार

निघताना दीदींनी तिघींच्या कपाळाला कुंकू लावलं. क्वारब सकाळी उघडं होतं, अर्ध्या तासात निघालो. अल्मोड्यात बालमिठाई घेतली: खवा भाजून तपकिरी केलेल्या वड्या, वरून साखरेचे पांढरे दाणे. आणि सिंगोरी, मालूच्या पानाच्या द्रोणात भरलेला खवा, त्या पानाचा वास मिठाईत उतरतो. संध्याकाळी काठगोदाम, रात्रीची गाडी.

आठवा आणि नववा दिवस

दिल्लीत पुन्हा तीच खोली, दुपारी नागपूरची गाडी. शनिवारी सकाळी जाग आली तेव्हा नरखेड गेलं होतं. मावशी खिडकीशी बसली होती, गळ्यात तो राखाडी मफलर तसाच. बाहेर काटोलच्या संत्र्याच्या बागा. फोनवर धाकट्या मामीशी बोलणं चाललं होतं: "नाही वं, मे महिन्यात नको जाऊस. दिवाळीनंतर जा. अन् हे पाह्य, एकाच गावात राह्य..." काटोलनंतर रेंज गेली. तिनं फोन ठेवला, सिंगोरीची एक पुडी सोडली, पान हुंगलं आणि अर्धी मला दिली.